बोर्डिंग तीनला

बॅलार्ड पियरला बॅगा दिल्या, हातात तीन तास उरले.
दिगंबर म्हणाला, इथंच बसू, पंखा आहे.
मी म्हटलं, दारूखाना.
टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं,
या बाईला भंगारात काय घ्यायचंय?

रे रोडचा पूल उतरलो.
हवेला अजून जिभेवर जुन्या नाण्याची चव.
पण पत्र्याच्या कुंपणावर आता समुद्र छापलाय,
मागच्या समुद्रापेक्षा कितीतरी निळा,
आणि चव्वेचाळिसाव्या मजल्याच्या गॅलरीत एक जोडपं,
पाठमोरं. हसतच असणार.

कुंपण संपतं तिथं कादिरशेठ,
साखळदंड किलोवर विकणारे.
एकेक कडी पाळण्यातल्या पोराएवढी.
गिऱ्हाईक कोण? म्हणाले, हॉटेलवाले.
नांगर नको असतो त्यांना, नांगराचा गंज हवा असतो,
वर पारदर्शक रंग मारून.
आम्ही क्रूझला चाललोय कळल्यावर मोठ्यानं हसले:
"जा, मजा करा.
आमच्या वेळी सगळी जहाजं शेवटी इथंच यायची.
आता तीही दुसरीकडे मरतात."

नऊ नंबरच्या गोदामात कॉफी मिळते.
इथं बसऱ्याचा खजूर उतरायचा.
बाबांच्या सदऱ्यावर रविवारीसुद्धा माशा बसायच्या,
आई सदरा उलटा करून वाळत घालायची,
तरी बसायच्या.
बाबा टॅली क्लार्क. आयुष्यभर पोती मोजली,
पहिल्या पोत्याला एक म्हणाले नाहीत कधी.
लाभ, दोन, तीन, चार,
आणि पाचव्याला आडवी रेघ.
जहाजात पाऊल ठेवलं नाही. त्यांचं काम फळीच्या अलीकडचं.

भिंतीवर काच बसवलीय, वर पिवळा दिवा.
काचेमागे गेरूच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
"ओरिजिनल आहे मॅडम," वेटर म्हणाला,
"फोटो काढू?"

बाबा डावखुरे होते.
त्यांची आडवी रेघ उलटी कलायची,
मुकादम म्हणायचा, कुळकर्ण्यांचं पोतं ओळखू येतं.
मी काचेला नाक लावून एकेक जुडी तपासली.
सगळ्या सुलट. कुणाच्या तरी बाबांच्या.
कोपऱ्यात नेच्याची कुंडी होती, तिच्यामागे अजून काही.
"मॅडम, ती हलवायची नाही."
मी हलवली.

चार उभ्या.
पाचवी ओढलेलीच नाही.
पोतं आलं नसेल, जेवणाची सुट्टी झाली असेल,
किंवा कुणी हाक मारली असेल,
डावखुऱ्या की उजव्या माणसाला, 
उभ्या रेघांवरून काही कळत नाही.

बिलावर कर, त्यावर कर,
आणि खाली बारीक अक्षरात: आमच्या भिंती बोलतात.
दिगंबरनं चष्मा वर करून वाचलं.
"कॉफीचे सातशे साठ. बोलायचेच असणार."
मग घड्याळ. मग उलटीवरची गोळी,
जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच.

टर्मिनलमध्ये इतका गारवा की मी पदर ओढून घेतला.
लेकीचा मेसेज: पोचलात का? डेकवरून सेल्फी पाठवा.
जहाज खिडकीत मावत नव्हतं,
नुसती पांढरी भिंत दिसत होती, अजून कुणी न लिहिलेली.

फळीच्या तोंडाशी गणवेशातला एक पोरगा,
मुठीत मोजायचं यंत्र,
माणसागणिक टक्.
माझं पाऊल फळीवर पडलं आणि तोंडातून गेलं,
"लाभ."
"काय मॅडम?"
"काही नाही बाळा. मोज तू."

मागून दिगंबर, गोळी गालात धरून,
यंत्राच्या आधी:
"दोन."